रंगमंच शंकानिरसन: क्लबातली फसलेली चोरी

प्रश्न: आमच्या एकांकिकेत चार चोर नाइटक्लबच्या पार्टीत घुसतात, मालकाच्या ऑफिसातली तिजोरी उघडायला जातात आणि सगळा विचका होतो. वाचनात सगळे हसले, तालमीत मात्र शांतता. काय चुकतंय? (महाविद्यालयीन संघ, सांगली)

उत्तर: बहुधा बेत प्रेक्षकाला ठाऊकच नाही. चोरी साधणार असेल तर बेत झाकून ठेवा. फसणार असेल तर सुरुवातीच्या तीन-चार मिनिटांत क्रमाने सांगून टाका. दारावर कोण, डीजेजवळ कोण, कोणत्या खुणेला कोण हलणार. मग खूण चुकली की पात्रांच्या आधी प्रेक्षकाला कळतं, आणि हशा तिथेच येतो.

बेत संगीतावर बांधून पाहा. क्लबातलं हाउस संगीत साधारण मिनिटाला 120 ते 128 ठोक्यांचं असतं. 128 धरलं तर 64 ठोके म्हणजे बरोबर 30 सेकंद. तिजोरीपाशी गेलेला चोर 64 ठोके मोजतोय, बाहेर त्याची साथीदार घड्याळ बघत पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतेय. तेवढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसासाठी डीजे 90 ठोक्यांचं गाणं लावतो. आता 64 ठोक्यांना जवळजवळ 43 सेकंद लागतात. ती गप्पा आटोपून मोकळी, हा आत अजून एकोणपन्नासवर! पुढचा प्रत्येक घोळ आधीचा निस्तरताना झालेला असावा. केळीच्या सालीवरून घसरणं वगैरे काढून टाका.

प्रश्न: गाणं चालू असताना संवाद ऐकू जात नाहीत. (नाशिक)

उत्तर: ऑफिसचं दार कामाला लावा. भिंत वरचे स्वर अडवते, बेस मात्र आरपार येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच गाण्याला 150 ते 200 हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्यावरचे स्वर कापणारा) लावून दुसरी फाइल करा. दार बंद असताना ही धबधब, तीही बारीक. उघडलं की मूळ गाणं. दोन्ही फाइली एकदमच सुरू करा आणि फक्त फेडर (आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) वरखाली करा, नाहीतर ठोके जुळत नाहीत. दार विंगेच्या बाजूला उघडू द्या. प्रेक्षकांकडे उघडलं तर आत येणारं पात्र झाकलं जातं. दाराच्या फ्लॅटला (नेपथ्याच्या खोट्या भिंतीला) मागून तिरका टेकू आणि त्यावर वाळूची पिशवी हवीच. दार आपटलं आणि भिंत हलली की क्लब गेला, थर्माकोल उरला.

प्रश्न: स्ट्रोब (झपझप लुकलुकणारे) आणि यूव्ही (अतिनील) दिवे वापरावेत का? (पणजी)

उत्तर: स्ट्रोब जपून. सेकंदाला चारपेक्षा जास्त झपके नकोत, एका वेळी दहा सेकंद पुरेत. वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, म्हणून प्रयोगाआधी घोषणा करा.

यूव्ही मात्र विनोदाची खाण आहे. नखशिखांत काळे कपडे घालून आलेल्या चोराच्या बुटांच्या पांढऱ्या नाड्या अंधारात लखलखतात. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, तेही निळं चमकतं. ग्लास अंगावर सांडला की लपणं संपलं. बाकीचे दिवे पूर्ण बंद ठेवा, नाहीतर काहीच दिसणार नाही. आणि काळे शर्ट आधी त्याच दिव्याखाली बघून घ्या, कापडाला चिकटलेला कापूसही चमकतो.