खासदारांना पत्र लिहायचं तर झोनबंदीच्या भाषेत लिहा

सर, शाळेला देणगीत मिळालेल्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, चढत नाही, 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' म्हणून लाल चौकट येते, तर ह्याबद्दल खासदारांना लिहून काही होतं का असं तुम्ही विचारलंय. होतं की. सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं कुलूप. पण आधी बायोस, म्हणजे मशीन चालू होतानाची सेटिंगची पानं, नीट बघा. काही मशीनवर सुपरवायझर पासवर्ड सेट केल्याशिवाय सिक्युअर बूटचा पर्याय उघडतच नाही, नुसता फिका दिसतो, आणि जुन्या ऑफिसनं पासवर्ड टाकून ठेवला असेल तर तो त्यांच्याकडनं मागून घ्या, त्यात कंपनीचा दोष नाही.

एवढं करूनही बंद होत नसेल तर मात्र सोडू नका. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचीच अट होती की इंटेल-एएमडीच्या पीसीवर मालकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे, एआरएम ह्या दुसऱ्या जातीच्या चिपच्या मशीनवर मात्र बरोब्बर उलटं, बंद करता येताच कामा नये. विंडोज १० ला पीसीवरची ती सक्ती काढली आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर सोडलं. मला राग येतो तो ह्याचा, पैसे मोजले आपण आणि मर्जी त्यांची.

मागं मी एका लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात तीन पानी पत्र घेऊन गेलो होतो, यूईएफआय, शिम, असे सगळे तांत्रिक शब्द लिहिलेलं. पीएंनी पहिलं पान बघून बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं, साहेब, उसाची झोनबंदी आठवती का, रान आपलं, ऊस आपला, पण घालायचा ठरवून दिलेल्या कारखान्यालाच, तसंच हे, मशीन आपलं पण चालवायचं त्यांचंच. त्यांनी पेन काढून समासात 'झोनबंदी' लिहिलं आणि म्हणाले, एका पानात आणा.

तर एकच पान. एका खाजगी कंपनीविरुद्धच्या तक्रारीवर संसदेत प्रश्न लागणं अवघड, सरकारच्या अखत्यारीतलं विचारा: सरकारी पैशानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर मालकाला हवी ती सिस्टीम टाकता येईल अशी अट खरेदीत घालणार का? आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाला विचारा की हे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ४ मध्ये, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापरात, बसतं का. अतारांकित प्रश्न मागा, लेखी उत्तर येतं आणि ते पुढं कागद म्हणून कामाला येतं. कलम १९ खाली स्पर्धा आयोगाकडं कुणीही स्वतः जाऊ शकतं, फी भरून, आणि सरकारही प्रकरण पाठवू शकतं. ह्याच आयोगानं ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला होता, तेव्हा आयोग मोठ्यांना हात लावत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पुराव्यात कमी पडू नका फक्त. २०१३ ला युरोपात हाच प्रश्न संसदेत विचारला गेला, तेव्हा स्पर्धा आयुक्त आल्मुनियांचं उत्तर आलं की हातातल्या माहितीवरून नियमभंग दिसत नाही. म्हणून मॉडेल नंबर, बायोस व्हर्जन, लाल चौकटीचा फोटो, बायोसच्या त्या पानाचा फोटो, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडनं 'बंद करता येत नाही' असं लेखी घ्या, तोंडी नको. खासदारांना प्रश्नाची नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा पत्र अधिवेशनाच्या महिनाभर आधीच पोचवा आणि पोच घ्या.