अँटेना सिंहगडाकडे, कान ढोलकीकडे

(वाचकांचे प्रश्न, उत्तरं नारायणगावच्या जुन्या टीव्ही-रेडिओ मेकॅनिककडून)

काका, माझे बाबा मूळचे ओतूरचे. ते म्हणतात, त्यांच्या शाळेच्या दिवसांत आज कुठला वार आहे हे टीव्हीवरून कळायचं. एकच केंद्र असताना आठवडाभर तुम्ही बघायचात तरी काय? – कॉलेज विद्यार्थिनी, पुणे

बाळा, तुझे बाबा बरोबर सांगतात. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला. त्या मनोऱ्यावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. आम्ही जुन्नर तालुक्यातले, सिंहगडापासून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या पुढे. मध्ये खेडचे डोंगर. त्यामुळे आमच्याकडे नुसता सेट घेऊन भागत नसे. दोन-तीन लोखंडी पाइप एकात एक घालून त्यावर जास्त काड्यांची अँटेना चढवायची, तिचं तोंड दक्षिणेला करायचं आणि खाली सिग्नल वाढवणारा बूस्टर जोडायचा. एवढं करूनही नारायणगडाच्या बाजूनं लहर आपटून आली की बातम्या देणाऱ्याच्या खांद्यामागे त्याचीच फिकट दुसरी आकृती दिसे. मग मी पाइपला ताण देणाऱ्या तारा सोडून अँटेना बोटभर फिरवायचो. तेवढ्यानंही फरक पडायचा.

संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागायचं. ते बघायला द्राक्षवाले आणि टोमॅटोवाले खास येत. कुठलं औषध किती पाण्यात घालायचं हे सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. मग बातम्या. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे यांच्याकडे पाहून आमच्या शाळेतली पोरं बोलायची पद्धत शिकली. 'गजरा' आणि 'चिमणराव' असले की मात्र दुकानासमोरचा रस्ता मोकळा व्हायचा. बुधवारी चित्रहार, गुरुवारी छायागीत, शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. १५ ऑगस्ट १९८२ पासून रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून येऊ लागला. रंगही त्याच वर्षी आले, पण आमच्याकडे कित्येक घरांत आणखी पुष्कळ वर्षं काळा-पांढराच सेट होता. त्याच्या काचेवर निळा-पिवळा-हिरवा प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असे.

माझा आठवडा शुक्रवारपासून तापायचा. शनिवारचा चित्रपट बुडू नये म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरून सेट यायचे. गोधडीत गुंडाळलेले, कुणी बैलगाडीतून, कुणी दुधाच्या टेम्पोतून आणलेले. उन्हाळ्यात व्होल्टेज इतकं खाली यायचं की चित्र चारही बाजूंनी आक्रसून मध्यात गोळा व्हायचं. ज्यांच्याकडे बारा व्होल्टवर चालणारा छोटा सेट होता ते लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओसरीवर आणत. अशा ओसरीवर अर्धी वाडी जमायची.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण जुन्या दिवसांच्या गप्पांत ती वगळली जाते. 'सगळं गाव एका घरात बसून टीव्ही बघायचं' असं म्हणतात, पण त्यात सगळं गाव नसायचं. पुढच्या सतरंजीवर कुणी बसायचं, दारात कुणी उभं राहायचं आणि कुणी बाहेर खिडकीच्या गजांना धरून बघायचं, हे ठरलेलं असे. खालच्या आळीतली पोरं खिडकीतूनच बघत. काही घरांत चार आणे घेत आणि तरीही आत घेत नसत. ग्रामपंचायतींनी लाकडी पेटीतले सार्वजनिक सेट बसवले, तेव्हा त्या पोरांना पहिल्यांदा पडद्यासमोर बसायला मिळालं. शेजारच्या एका गावात तो सेट बिघडला की दुरुस्तीचे पैसे मंजूर व्हायला महिनोन्‌महिने लागत. मी पैशांची वाट न बघता तो आधी चालू करून द्यायचो. घरी सेट असलेल्यांची सोय झालेलीच होती. पंचायतीच्या चौकात बसणाऱ्यांना मात्र दुसरी जागा नव्हती.

आणि आठवडा काही एकट्या टीव्हीचा नव्हता. अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस रात्री कीर्तन. त्या वेळेत ज्यांच्या घरी सेट होता तेही तो लावत नसत. थिएटरला शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा आणि भोंगा लावलेली रिक्षा वाड्यावाड्यांतून पुकारा करत फिरायची. यात्रेच्या मोसमात तंबूतला सिनेमा यायचा. तुझ्या बाबांना विचार, ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला जी गर्दी लोटते तिच्यापुढे कुठल्याही टीव्हीचं काही चालत नसे.

टीव्हीनं तमाशा संपवला असं सर्रास म्हटलं जातं. तुमचं दुकान तर तमाशापंढरीत. तुम्ही काय पाहिलंत? – एक निवृत्त शिक्षक, संगमनेर

गुरुजी, तमाशा संपलेला नाही. जो आजारी पडला तोही टीव्हीमुळे नाही. मला हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण टीव्हीचं नाव घेतलं की बाकीच्यांची जबाबदारी सुटते.

तुम्ही पाडव्याला नारायणगावात येऊन बघा. एसटी स्टँडच्या आसपास फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक आणि कलाकारांचे फोटो, आत मॅनेजर वही घेऊन बसलेला. पुणे, नगर, नाशिककडच्या गावांचे पुढारी आणि यात्रा कमिटीवाले येतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवतात. भाव तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या अष्टमीला शेकडो गावांच्या यात्रा एकदम येतात, म्हणून त्या रात्रींची सुपारी सगळ्यात महाग. मधल्या एखाद्या रिकाम्या तिथीला तोच फड बराच कमी पैशांत मिळतो. इसार दिला की वहीत नाव चढतं.

या राहुट्यांचे अँप्लिफायर आणि माइक माझ्याकडे दुरुस्तीला यायचे, त्यामुळे फडाची माणसं जवळची झाली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, काळू-बाळू कवलापूरकर ही नावं आमच्याकडे पोरासोरांना पाठ असत. विठाबाईंना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या. त्यांचं नाव निघालं की आमच्या गावातली म्हातारी माणसं आजही जागची उठून बोलतात.

टीव्ही आला तेव्हा काय झालं ते सांगतो. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात कलाकारांच्या हजेऱ्या, म्हणजे छोटे खेळ, असतात, दुपारी कुस्त्यांचा हगामा. यात्रा रविवारला धरून आली की कमिटीवाले हजेऱ्यांची वेळ 'रामायण' संपल्यानंतरची ठेवू लागले. मी एका गावात पाहिलेलं आहे : रात्रभर वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, राजा झालेला नट तोंडावरचा रंग न धुता पाटलांच्या ओसरीवर बसून 'रामायण' बघत होता, शेजारी ढोलकीवाला. पावणेअकराला तेच दोघं चौकात उभे आणि समोर तीच माणसं. दोन्ही गोष्टी एका सकाळी मावल्या. लोकांची भूक मोठी होती.

टीव्हीचा एक परिणाम मात्र मी नाकारत नाही. छायागीत आणि चित्रहारमधली गाणी लोक फडात मागू लागले. गण, गवळण आणि बतावणी हे वगाआधीचे भाग आखडले, सिनेमाची गाणी वाढली. गवळणीतली मावशी जे बोलते त्यात गावाची त्या आठवड्याची सगळी खबर असते : कुणाचा बांध कुणी कोरला, सोसायटीत कोण पडलं. ते कुठल्याच पडद्यावर मिळत नाही. गावानं ते ऐकायचं सोडून दिलं याचं मला फार वाईट वाटतं. पण ती फर्माईश करणारे आपणच होतो.

खरा घाव पुढे बसला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद झाला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, तेवढीच. ज्या खेळात आधी ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत वग, त्याला दोन-तीन तासांत कसं बसवणार? जो कापला गेला तो वग, म्हणजे नटांचा घास. कायद्यामागचं कारण मला पटतं. आजारी माणसाला झोप हवीच. पण गावाबाहेरच्या माळावर वर्षातून एकदा होणाऱ्या खेळाचा वेगळा विचार व्हायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात मोठ्या फडात शंभरावर माणसं, ट्रक, जनरेटर, डिझेल. सावकाराकडून उचल घेऊन मोसम सुरू करायचा आणि तो पावसानं बुडाला की उचल डोक्यावर.

आणि २०२०. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता, देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. वर्षाची सगळी बोलणी ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. पुढच्या वर्षीही यात्रा झाल्या नाहीत. कलाकार बाया टोमॅटोच्या तोडणीला गेल्या, वादक विटभट्टीवर गेले. यात टीव्हीचा काय दोष?

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) तबकड्या आमच्या शेतातून दिसतात. छपरावरच्या जुन्या बूस्टरमुळे त्यांना त्रास व्हायचा असं ऐकलं. हे शक्य आहे का? – एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

शक्य आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हे काम उभं राहिलं आणि जागा निवडताना आपल्या भागात माणसानं केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे हे पाहिलं गेलं. आकाशातून येणारी लहर अतिशय क्षीण असते. बूस्टर चांगला असेल तर तो फक्त आलेला सिग्नल वाढवतो. पण आतला कपॅसिटर गेला किंवा पावसाचं पाणी शिरलं की तो स्वतःच लहरी सोडू लागतो, आणि त्याही टीव्हीच्याच पट्ट्यात, म्हणजे दुर्बीण जिथे ऐकते त्याच्या अगदी जवळ. शेजाऱ्याच्या टीव्हीवर आडव्या जाळ्या दिसल्या की मी आधी आजूबाजूच्या घरांचे बूस्टर तपासायचो.

वडिलांचा १९८४ सालचा काळा-पांढरा सेट माळ्यावर आहे. त्यांच्या पंचाहत्तरीला तो चालू करून दाखवायचा आहे. जमेल का? – एक वाचक, चाकण

जमेल, आणि अवश्य करा. फक्त एक पाळा : सेट थेट प्लगमध्ये घालू नका. इतकी वर्षं पडून राहिल्यावर आतले कपॅसिटर सुकलेले असतात आणि एकदम करंट दिला तर फुटतात. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, त्यातल्या शंभर वॅटच्या बल्बमधून आधी सेट चालवून बघतात. बल्ब भगभगून पेटलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही लगेच जात नाहीत.

सेट चालला तरी अँटेनावर काही दिसणार नाही, कारण दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झालं आहे. फ्री डिशचा बॉक्स घ्या, त्याला महिन्याचे पैसे नाहीत. बॉक्समधून तीन रंगांच्या पिना निघतात आणि तुमच्या सेटला असणार फक्त अँटेनाची जागा, म्हणून मध्ये आरएफ मॉड्युलेटर लावावा लागेल. मागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील तर बालून, म्हणजे गोल केबल त्या स्क्रूंना जुळवणारा छोटा जोड, तोही लागेल. हे दोन्ही जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. सह्याद्री वाहिनी लावा. वडिलांना चॅनेलचा खटका स्वतः फिरवू द्या.

दादा, मुलांना खरा ढोलकीफडाचा तमाशा दाखवायचा आहे. बाई म्हणून मुलांना घेऊन जाणं बरं दिसेल का आणि कुठे जावं? – एक वाचक, नाशिक

ताई, निःशंक जा. पाडव्यापासून अक्षय तृतीयेच्या पुढपर्यंत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात रोज कुठे ना कुठे यात्रा असते. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुटीवर जाऊन 'तुमचा फड कुठल्या तिथीला कुठे आहे' असं सरळ विचारा. मॅनेजर लोक आनंदानं सांगतात. सुपारीचा खेळ असेल तर तिकीट नसतं, गावानं पैसे दिलेले असतात. कनातीतल्या खेळाला तिकीट असतं. यात्रेत गावातल्या लेकीबाळी एका बाजूला बसतात, तिथे बसा. तुम्ही लांबून आलात हे कळलं की त्या जागा करून देतात. पैसे द्यावेसे वाटले तर स्टेजवर फेकू नका, निवेदकाकडे नावासह द्या, तो कलाकाराचं नाव घेऊन पुकारतो. आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. खेळ आता बाराच्या आत आटपतात, त्यामुळे उशिरा गेलात तर सलामी आणि गण दोन्ही हुकतील, आणि मुलांनी पहिल्यांदा ऐकायची ती ढोलकी-हलगीची सलामीच.