लिबरेटरचा चाप दोरीने का ओढतात?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर काम करतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबरेटर’ पिस्तुलाची नवी प्रतिकृती अमेरिकेत चालवून बघतात, तो व्हिडिओ पाहिला. पिस्तूल व्हाइसमध्ये आवळून चाप लांबून दोरीने ओढला. गोळी सुटल्यावर निशाण्याकडे कोणी गेलंच नाही. सगळे रिकामी पुंगळी निरखत बसले. असं का? आणि इथे अशी एक करून बघता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : या पिस्तुलाचं दुखणं मागच्या बाजूला आहे, म्हणून. १९४२ साली जनरल मोटर्सच्या मोटारींचे दिवे बनवणाऱ्या ‘गाइड लॅम्प’ विभागाने सुमारे १० लाख नग ११ आठवड्यांत काढले. रात्रंदिवस धरलं तरी साडेसहा सेकंदांना एक! सुटे भाग २३, बरेचसे प्रेसवर काढलेल्या पत्र्याचे. वजन जेमतेम ४५० ग्रॅम, नळी ४ इंची. काडतूस मात्र पूर्ण ताकदीचं, .४५ एसीपी या जाड गोळीच्या मापाचं.

नळीचं मागचं तोंड वर-खाली सरकणाऱ्या एका पट्टीने झाकलं जातं. पट्टी आणि काडतुसाचं बूड यांत फट राहिली, की दाबाने पुंगळी मागे रेटली जाते आणि तापलेला वायू चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. ही फट पुंगळीवर वाचता येते. टोपी (बुडात बसवलेली, ठोका बसताच पेटणारी कॅप) बुडाच्या पातळीबाहेर आली असेल तर फट जास्त. टोपीभोवती काजळी दिसली तर तिथून वायू गळतोय. पुंगळीची भिंत फुगली किंवा चिरली असेल तर मागे तिला पुरेसा आधार नाही, चाचणी तिथेच थांबवायची. लागोपाठ काही पुंगळ्या स्वच्छ निघेपर्यंत हात लावत नाहीत, म्हणून दोरी.

निशाणा का बघत नाहीत? मूळ नळी आतून गुळगुळीत, पीळ नसलेली. गोळी गिरक्या न घेता कोलांट्या खाते, कागदावर आडवं, लांबट भोक पाडते. सात-आठ मीटरपलीकडे नेम नावालाच. अमेरिकेतल्या १९३४ च्या कायद्यात बिनपिळाच्या पिस्तुलांना वेगळे, कडक नियम आहेत, त्यामुळे तिथल्या प्रतिकृतींत पीळ पाडतात. म्हणजे प्रतिकृतीचा नेम पाहून मूळ पिस्तुलाचं काहीच कळत नाही. धक्का मात्र अस्सल : हेच काडतूस वापरणाऱ्या, सुमारे १.१ किलोच्या ‘कोल्ट १९११’ या लष्करी पिस्तुलापेक्षा साधारण अडीच पट. पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही, सोबत दिलेली लाकडी काडी नळीतून घालून ढकलावी लागते.

आता लेथवाल्यांचा मुद्दा. इथे करू नका, अर्धवटसुद्धा नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय बनवण्याइतकीच चाचणीलाही मनाई आहे. शोभेच्या नकलेला चालतं करणं कलम ६ मध्ये येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन्हींना किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. हौस असेल तर नळी भरीव ठेवून लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची नक्कल करा. पट्टी कशी सरकते ते तीतही दिसतं.