तिच्या बारा पदार्थांतला एक मागा

प्रिय ताई,
मी मूळची जयसिंगपूरची. मुलाकडे डब्लिनला तीन महिन्यांसाठी आले आहे, त्यातला सव्वा महिना गेला. सून पोलंडची, एका वृद्धाश्रमात नर्स आहे. मला ‘मामो’ म्हणते. स्वभावानं वाईट नाही, पण स्वयंपाकघरात उभं राहू देत नाही. ताट उचललं की हातातून काढून घेते, ‘सिट, सिट’ म्हणते. एकदाच पिठल्याला फोडणी टाकली, तर छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. ती धावत आली, खिडक्या उघडल्या, शेगडी बंद केली. तिच्या बरण्या मात्र ओट्यावर ठाण मांडून! एकीत कोबी सडत घातलाय, दुसरीत कसलंसं पीठ आंबतंय. घरभर वास, पण त्याला कोणी काही म्हणत नाही. आता 24 डिसेंबरला बारा पदार्थ करणार आहे. यादी फ्रीजवर लावलीय, त्यात माझा एकही नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, तू आराम कर.’ जन्मभर मी पंक्ती वाढल्या, आणि इथे सोफ्यावर बसून पाऊस बघते. तिकीट बदलून परत जाऊ का?
— पाहुणी सासू

वहिनी,

तिकिटाला हात लावू नका. आणि सही करताना तुम्ही ‘पाहुणी’ लिहिलंय ना, तिथेच सगळं घोडं पेंड खातंय.

लग्नानंतर काही वर्षं मी लंडनच्या ईलिंग भागात होते. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिश वस्ती वाढली आणि पोलंड 2004 साली युरोपीय संघात आल्यावर आणखी भर पडली. शेजारीण पोलिशच होती. पहिल्यांदा तिच्याकडे चहाला गेले (बिनदुधाचा, लिंबाची चकती घातलेला) आणि उठताना सवयीनं कप विसळायला घेतला. तिनं तो माझ्या हातातून असा ओढला, की मला वाटलं माझ्या हातचं तिला चालत नाही. घरी येऊन नवऱ्यापाशी चिडचिड केली. त्यांच्याकडे म्हण आहे, पाहुणा घरात म्हणजे देव घरात. देवाला कोणी भांडी घासायला लावतं का? आपणही नाही का म्हणत, ‘अहो, राहू द्या, तुम्ही बसा’? फरक एवढाच, की आपण तिसऱ्या दिवशी विसरतो आणि पाहुणीच्या पुढ्यात मेथीची जुडी टाकतो. माझ्या शेजारणीला महिना लागला. एका दुपारी काही न बोलता तिनं बटाट्यांचं पातेलं आणि सुरी माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसानंतर मी तिच्या घरी बेल वाजवली नाही, नुसती हाक मारून आत जायचे.

तुमची सून तुम्हाला देव्हाऱ्यात बसवून मोकळी झालीय आणि तुम्ही तिथे बसून रुसला आहात. ‘मामो’ म्हणते ना? आपल्यासारखीच पोलिशमध्येही संबोधनाची विभक्ती आहे, ‘मामा’ म्हणजे आई आणि हाक मारताना ‘मामो’. ही हाक तिनं तुम्हाला दिलीय. आता उरलेलं तुम्हाला मागून घ्यावं लागेल.

पण आधी त्या बरण्यांबद्दल बोलू या, कारण ‘सडत घातलाय’ हा शब्द मला खटकला. कोबी बारीक चिरायचा, किलोला साधारण 20 ग्रॅम मीठ लावायचं, पाणी सुटेपर्यंत हातानं मळायचा आणि त्याच पाण्याखाली दाबून ठेवायचा. वर वजन. दोनचार दिवस रोज लाकडी काडीनं भोकं पाडायची, म्हणजे आतला वायू निघतो. तुम्ही लिंबाची बरणी उन्हात ठेवून रोज हलवता, त्याच जातीचं काम. आणि ते पीठ? राय नावाच्या धान्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण आणि तमालपत्र टाकून चारपाच दिवस आंबवतात, रोज ढवळतात. त्याचं आंबट सूप होतं, झुरेक. तुम्ही आमच्या कोल्हापूरकडच्या! ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला आंबील घेऊन जाणाऱ्या बाईनं आंबलेल्या पिठाच्या वासाला नाक मुरडावं? उद्या झाकण उघडून एकदा खरंच हुंगा. मग तिला आंबील कशी करतात ते सांगा. नाचणीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळेल.

त्या पोरीच्या दिवसाचाही विचार करा. सकाळपासून परक्या भाषेत परक्या म्हाताऱ्यांची उठबस. ‘पोल्स्की स्क्लेप’ अशी पाटी असलेली पोलिश दुकानं तिथे जागोजागी आहेत (आयर्लंडच्या 2016 च्या जनगणनेत पोलिश नागरिक 1 लाख 22 हजारांवर होते), तिथून ती तिचं त्वारूग आणत असेल. म्हणजे आपल्या पनीर आणि चक्क्याच्या मधलं काहीतरी. पण दुकानातून आणलेलं आणि आपल्या हातानं आंबवलेलं यातला फरक मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही बॅगेतून कांदा-लसूण मसाला नेलाच असणार.

आता बारा पदार्थ. त्या संध्याकाळला ते विगिलिया म्हणतात. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. मांस नाही, पण मासा चालतो. टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत, आणि जेवणाआधी ओप्वातेक नावाची पापडासारखी पातळ पांढरी वडी एकमेकांना मोडून द्यायची, शुभेच्छा द्यायच्या. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. ते बघून कोणाची वाट बघताय, असं विचारू नका. तुमचं ताट तिनं वेगळं मोजलेलं असेल.

इथे चूक होऊ शकते ती अशी, की तुम्ही हौसेनं तेरावा पदार्थ कराल. नको. वर्षातून एकदा येणाऱ्या तिच्या सणात पुरणपोळी घुसवू नका. गणपतीच्या नैवेद्यात कोणी झुरेक आणून ठेवलं तर? तिच्या बारांतला एक मागा, आणि कुठला मागायचा तेही सांगते: उश्का. बीटच्या आंबट साराला बार्श्च म्हणतात, त्यात सोडायच्या इवल्या पुरचुंड्या. उश्का म्हणजे छोटे कान. मैदा गरम पाण्यात मऊ मळायचा, ओल्या फडक्याखाली ठेवायचा. पातळ लाटून दीडदोन इंचांचे चौकोन कापायचे, मधे वाळवलेल्या अळंबीचं सारण, नखाएवढं. चौकोन दुमडून त्रिकोण करायचा, कडा दाबायच्या, आणि मग दोन टोकं बोटाभोवती आणून चिकटवायची. कडा नीट दाबली नाही तर उकळत्या पाण्यात फुटतात, सारण बाहेर. ज्या हातांनी करंजीला मुरड घातलीय त्यांना हे अर्ध्या तासात जमेल. एकेका वाटीत सातआठ तरी हवेत, म्हणजे माणसागणिक मोजा. शिफ्टवरून आलेल्या बाईला या कामात जास्तीचे हात नको झाले, असं मी तरी पाहिलं नाही. ‘मी मदत करू का’ असं विचारू नका, ती ‘सिट’च म्हणेल. ‘मला उश्का शिकव’ म्हणा.

लाटता लाटता तिला एक विचारा: वळिवडे माहीत आहे का? कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत 1943 पासून 1948 पर्यंत पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत सरकारनं घरादारातून उचलून सायबेरियाकडे नेलेली आणि तिथून सुटून आलेली. तुमच्या गावापासून ते तासाभराच्या आत आहे. तिला ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगा.

फोडणीचं सोपं आहे. स्वयंपाकघराचं दार बंद, पंखा चालू, खिडकी आधी उघडायची, मिरची तेलात जळू द्यायची नाही. आठवड्यातला एक वार ठरवून मागा, तिची शिफ्ट असेल तो. मुलाला त्या दिवशी कांदा चिरायला बसवा. ‘आराम कर’ म्हणणं फुकट असतं.

किती उश्का फुटल्या ते जानेवारीत कळवा.

— तुमची ताई