दम लागतो आणि नडग्याही दुखतात

प्रश्न : माझे वय ४२ असून मी नुकताच धावू लागलो आहे, परंतु दोन मिनिटांतच दम लागतो आणि संध्याकाळी नडग्या दुखतात. धावणे आपल्यासाठी नाही, असे समजावे काय?

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. नवख्याला इतक्या लवकर दम लागतो तो बहुधा वयामुळे नव्हे, तर वेगामुळे. तेव्हा धावताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच वेग ठेवावा, मग शेजारून भरभर चालणारा पुढे निघून गेला तरी हरकत नाही. आरंभी १ मिनिट धावणे व २ मिनिटे चालणे असा क्रम सुमारे २० मिनिटे चालू ठेवावा आणि आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून, धावावे.

नडग्यांकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमांना सरावू लागतात, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) यांना त्यासाठी कित्येक महिने लागू शकतात. म्हणून दम टिकू लागताच अंतर एकदम वाढवू नये. सध्या दुखणे थांबेपर्यंत केवळ चालावे. नडगीवर एकाच जागी दाबल्यास तीव्र वेदना होत असेल किंवा विश्रांतीतही ठणका राहत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तर धावणे तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.