नव्या आवृत्त्या, पाइपवायर आणि तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग: काय घ्यावं, काय राहू द्यावं

तुमचा प्रश्न वाचला. मिरजेत गाणं शिकता आणि रियाज व तालीम सांगलीतल्या घरी रेकॉर्ड करता. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट २१ ही सिस्टम, दोन माइक लॅपटॉपला जोडणारा यूएसबी इंटरफेस, आणि रेकॉर्डिंग-संपादनाचे आर्डोर ६.९ व ऑडॅसिटी २.४ हे प्रोग्रॅम एवढ्यावर काम चाललं आहे. आता मित्र म्हणतो की आर्डोर ८, ऑडॅसिटी ३, पाइपवायर (आवाजाची ने-आण सांभाळणारी नवी व्यवस्था), रिअलटाइम कर्नल (वेळेला काटेकोर असा सिस्टमचा गाभा) असं सगळं येऊन गेलं आणि तू अजून तिथेच. तर सगळं एकदम बदलावं का? शिवाय कीबोर्डवर गंधार चढा लागतो, त्याचं काय करावं?

माझं मत आधीच सांगून टाकते. खालचा थर बदला, म्हणजे मिंट २१ वरून २२ वर जा. त्याबरोबर येणारे प्रोग्रॅम आपोआप नवे होतील. पण त्या प्रोग्रॅमच्या जाहिरातीत जे ठळक अक्षरात छापलेलं असतं, त्यातलं बहुतेक तुमच्या-माझ्या गाण्यासाठी नाही. हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची डोकी ग्रिड, लूप आणि बीपीएमभोवती (मिनिटाला किती ठोके) फिरतात. विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंदांची, आणि गायक रंगात आला की लय कळत-नकळत चढते. तिथे 'टेम्पो आपोआप ओळखतो' या सोयीचं आपण काय करणार?

खरा फरक पडतो तो पाइपवायरने. मिंट २१ हे उबंटू २२.०४ वर उभं आहे आणि त्यात आवाजाचा कारभार पल्सऑडिओकडे आहे. रेकॉर्डिंगसाठी जॅक (प्रोग्रॅममधला आवाज एकमेकांना जोडणारी जुनी व्यवस्था) सुरू केलं की ब्राउझर मुका होतो, ब्राउझर बोलता केला की जॅक रुसतं. ही भांडणं लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाने सोसली आहेत. रेड हॅटच्या विम टायमन्स यांनी सुरू केलेलं पाइपवायर या दोघांचीही भाषा बोलतं. फेडोरा या लिनक्सने २०२१ मध्येच ते मुख्य केलं, १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, आणि उबंटू २४.०४ व त्यावरचं मिंट २२ यांत ते आधीपासूनच चालू असतं.

याचा तुम्हाला नेमका उपयोग सांगते. ब्राउझरमध्ये लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी धून) लावा, आर्डोर उघडा आणि क्यूपीडब्ल्यूग्राफ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू करा. पडद्यावर चौकोन दिसतील: एक ब्राउझरचा, एक इंटरफेसचा, एक आर्डोरच्या ट्रॅकचा. ब्राउझरच्या चौकोनातून माउसने तार ओढून आर्डोरच्या ट्रॅकला जोडली की लेहरा स्वतंत्र ट्रॅकवर उतरतो आणि तुमचा आवाज त्याच्या शेजारी दुसऱ्या ट्रॅकवर. पूर्वी यासाठी कॉन्फिगरेशनच्या फायली उघडून बसावं लागायचं.

एक गोष्ट मात्र मिंटमध्ये हाताने करावी लागते. पाइपवायर-जॅक हे पॅकेज वेगळं बसवा आणि आर्डोर टर्मिनलवरून चालू करताना आज्ञेच्या आधी पीडब्ल्यू-जॅक लावा. नाहीतर आर्डोर थेट आल्साने (लिनक्सचा आवाजाचा सगळ्यात खालचा थर) कार्ड ताब्यात घेऊन बसतं आणि 'पाइपवायर असूनही ब्राउझर बंद का?' हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. उबंटू स्टुडिओत ही जोडणी तयार मिळते, पण त्यासाठी मिंट सोडायची गरज नाही.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज कानात यायला लागणारा उशीर, कारण मित्र त्यावर नक्की बोलला असणार. पाइपवायर मुळात ४८,००० हर्ट्झला १०२४ नमुन्यांचा बफर धरतं, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. २५६ वर आणलं तर साधारण सव्वापाच. आत आणि बाहेर दोन्ही धरले की दुपटीहून थोडं जास्तच. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा २१ मिलिसेकंद म्हणजे तबलजी तुमच्यापासून सात मीटरवर बसल्यासारखं. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज लॅपटॉपमार्गे ऐकत असाल तर हे नक्की खटकेल. पण दोन माइकच्या बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबा. तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो आणि बफर १०२४ चा राहिला तरी काही बिघडत नाही. जुन्या लॅपटॉपला ६४ च्या बफरवर घाम फोडण्यात काय शौर्य आहे, मला आजवर कळलेलं नाही. टर्मिनलवर पीडब्ल्यू-टॉप चालवून शेवटाकडचा ईआरआर हा रकाना बघा. रेकॉर्डिंग चालू असताना तो आकडा वाढत नसेल तर बफरला हात लावू नका.

रिअलटाइम कर्नलबद्दल दोनच वाक्यं. वीसेक वर्षं मुख्य कर्नलबाहेर राहिलेला प्रीएम्प्ट-आरटीचा (रिअलटाइमसाठीचा) कोड नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये मुख्य प्रवाहात आला, ही मोठी गोष्ट आहे. मिंट २२ चं मूळ कर्नल ६.८ आहे आणि दोन माइकच्या रेकॉर्डिंगला ते पुरून उरतं. आवाजात टिकटिक येत असेल तर आधी वायफाय बंद करा, यूएसबी हब काढून इंटरफेस थेट लावा आणि विजेची बचत करणारी मोड काढा.

आता प्रोग्रॅमकडे येऊ. मिंट २२ च्या सॉफ्टवेअर भांडारातून आर्डोर ८ च्या मालिकेतलं आणि ऑडॅसिटी ३.४ मिळेल. आर्डोर ७ (२०२२) चं मोठं आकर्षण म्हणजे क्लिप वाजवायची खिडकी. ती बंद ठेवा. त्याच आवृत्तीत आलेली एक लहान सोय मात्र तालमीच्या रेकॉर्डिंगला फार कामाची आहे: रिपल एडिटिंगमधली (कापलं की पुढचं मागे सरकवणारं संपादन) इंटरव्ह्यू मोड. गुरुजींचा माइक एका ट्रॅकवर, तुमचा दुसऱ्यावर. गुरुजी सांगत असताना तुम्हाला खोकला आला, तर फक्त तुमच्या ट्रॅकवरचा तेवढा तुकडा कापा, बाकी काही जागचं हलत नाही. मधली चहाची दहा मिनिटं काढायची असतील तर दोन्ही ट्रॅक निवडून कापा, पुढचं सगळं एकत्र मागे सरकतं. बंदिशीच्या जागा समजावणारी तासाभराची तालीम वीस मिनिटांवर आणायला याहून सोपं काही नाही.

आर्डोर ८ (२०२३) मध्ये क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्यांशिवाय) वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर मागाहून टेम्पोच्या रेघा बसवायची सोय आली. द्रुत तीनतालावर करून बघायला हरकत नाही. विलंबितासाठी मात्र मी समेवर मार्कर (खूण) टाकते, एवढंच. रेकॉर्डिंग चालू असताना समेला टॅबची कळ दाबली की मार्कर पडतो. कळीचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून कीबोर्ड लांब ठेवा किंवा हे काम नंतर ऐकताना करा. आवर्तनं डोळ्यांसमोर दिसू लागली की कुठली तान कुठून उचलली हे शोधायला गाणं पुढे-मागे करत बसावं लागत नाही.

ऑडॅसिटीत घ्यावं असं एकच आहे: ३.२ पासून (२०२२) इफेक्ट वाजता-वाजता ऐकता येतात आणि मूळ ध्वनीला धक्का न लावता काढताही येतात. पूर्वी इक्वलायझर लावला की तो कायमचा भाजला जायचा. ३.४ मधलं मात्रा-पट्टीचं माप मिनिट-सेकंदांवरच राहू द्या. ३.५ पासूनची क्लाउडवर साठवण कोणी तुमच्यावर लादत नाही.

आता सावध राहायची जागा. ऑडॅसिटीने ३.० ला (२०२१) प्रोजेक्टची मांडणीच बदलली. आधी एक एयूपी फाइल आणि सोबत तुकड्यांचा फोल्डर असायचा, आता सगळं एका एयूपी-३ फाइलमध्ये असतं. नवीला जुनं उघडता येतं, जुनीला नवं नाही. आर्डोरचंही तेच. जुनं सेशन ८ मध्ये उघडलंत की ते जुन्या सेशन फाइलची प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवतं, ती पुसू नका. पण ८ मध्ये केलेलं काम ६.९ मध्ये उघडणार नाही. म्हणून एखादं रेकॉर्डिंग अर्धवट असेल तर ते पुरं होईपर्यंत थांबा. मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षेची अद्यतनं आहेत, कोणी मागे लागलेलं नाही. आणि उडी मारण्याआधी प्रत्येक पुऱ्या झालेल्या सेशनचे ट्रॅक वेगवेगळे फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या ध्वनिफायलींत) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घेतला म्हणून निर्धास्त होऊ नका. ते सिस्टम जपतं, तुमचा होम फोल्डर मुळात त्यात नसतो, आणि गाणं तर तिथेच असतं.

फ्लॅटपॅकमधून (बाकी सिस्टमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) आर्डोर घेतलंत तर सिस्टमवर बसवलेले प्लगिन (इफेक्टचे जोड-प्रोग्रॅम) त्याला दिसत नाहीत, प्लगिनसुद्धा फ्लॅटपॅकचेच घ्यावे लागतात. 'एलएसपी (प्लगिनचा एक संच) बसवलं पण यादीत येत नाही' या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं. संकेतस्थळावरचं तयार आर्डोर घ्यायचं तर थोडे पैसे मोजावे लागतात. भांडारातलं फुकट असतं, पण त्याची मदत आर्डोरवाले करत नाहीत. माझ्या मते जमेल तेव्हा पैसे द्यावेत. आर्डोर सुरू करणारे पॉल डेव्हिस आणि त्यांच्यासोबतची मोजकी मंडळी त्यावरच हे चालवतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघालाच आहे म्हणून. नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'एआयने गोंगाट काढा' असं बटण जिकडेतिकडे दिसू लागलं आहे. लिनक्सवर त्यामागे पुष्कळदा आरएनन्वाइज असतं. ते २०१७ मध्ये मोझिला आणि झिफकडून आलं आणि ते बोलण्यासाठी शिकवलेलं आहे. ईझीइफेक्ट्स या इफेक्ट लावायच्या प्रोग्रॅममध्येही ते आहे. भाषणाला उत्तम. पण तंबोरा त्याच्यापुढे ठेवा: सतत, न थांबता, एकाच पट्टीत चाललेला नाद. त्याच्या हिशेबी हा पंखाच! मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची जवारी (तारांचा झंकार) हे यंत्र कचरा समजून झाडून टाकतं आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. गाताना हे लावूच नका.

त्याऐवजी तंबोरा छेडण्याआधी पाच-सात सेकंद रिकाम्या खोलीचे रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून तेवढाच तुकडा द्या आणि सहा-आठ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक आणि शेजारच्या बोअरची मोटर यांवर सॉफ्टवेअरचा उपाय नाही, रात्री दहानंतर बसणे हाच उपाय. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

हाय-पासचंही (खालचे स्वर कापणारी चाळणी) तसंच. इंग्रजी व्हिडिओंत सर्रास सांगतात की ८०-१०० हर्ट्झखालचं उडवा. काळी एकच्या (सी शार्प) पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो. ८० वर कात्री चालवली तर खर्जाचा पायाच जातो. आवाजाच्या ट्रॅकवर ८० ठीक, तंबोऱ्याच्या माइकवर ४० च्या वर नको.

आता तुमचा गंधार. कान बरोबर आहेत तुमचे. कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (शेजारच्या दोन कळींमध्ये शंभर सेंट) असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा सुमारे ३८६ वर, म्हणजे कीबोर्डचा चौदा सेंट चढा. स्वरांची मांडणी सांगणाऱ्या स्काला फायलींनी हे सुधारता येतं. सर्ज एक्सटी हा मुक्त सिंथ (कीबोर्डचा आवाज तयार करणारा प्रोग्रॅम) त्या वाचतो, झिनॲडसबएफएक्ससुद्धा वाचतो. स्काला फाइल म्हणजे साधा मजकूर: वर नाव, खाली स्वरांची संख्या, मग एकेका ओळीत एकेक गुणोत्तर. शुद्ध गंधाराच्या ओळीत ५/४, मध्यम ४/३, पंचम ३/२, धैवत ५/३, निषाद १५/८ आणि शेवटच्या ओळीत तार षड्जाचं २/१. बारा स्वर हवेत, तेव्हा शुद्ध रिषभ, कोमल स्वर आणि तीव्र मध्यम तुमच्या रागाप्रमाणे भरा. धैवतावर गुरुजींशी वाद होऊ शकतो, तो आकडा त्यांना ऐकवून ठरवा. षड्ज काळी एकवर हवा असेल तर कीबोर्ड मॅपिंगची दुसरी छोटी फाइल लागते. तिच्यात सा कुठल्या कळीवर आणि किती हर्ट्झला, हे लिहायचं. तंबोरा जुळवल्यावर ट्यूनरवर जो आकडा येईल तोच तिथे घाला.