असईची लढाई डायनिंग टेबलवर मांडायची असेल तर किती मिमीच्या फिगर घ्याव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऐतिहासिक वॉरगेमिंग (जुन्या लढाया छोट्या सैनिकांच्या फिगर मांडून टेबलावर खेळणं) सुरू करायचंय, पहिली लढाई असईची (१८०३, इंग्रज विरुद्ध मराठे) हवी आहे, घरात ४ बाय ३ फुटांचं टेबल आहे, रंगकाम स्वतःच करणार. ६, १०, १५ आणि २८ मिमी (म्हणजे फिगरची उंची) यांतलं काय निवडावं?

तुमच्यासाठी १० मिमी. हात बारीक कामाला सरावलेला नसेल, किंवा डोळ्यांना त्रास होत असेल, तर १५. या लढाईसाठी या टेबलवर २८ घेऊ नका. दुकानाच्या फोटोंत सगळ्यांत देखणी तीच दिसते आणि नवखा माणूस हमखास तिथेच फसतो.

स्केल फिगर बघून ठरवायचं नसतं. आधी टेबल मोजायचं, मग रणांगण, मग एका पलटणीची रुंदी. फिगरची पाळी शेवटी येते.

तुमचं टेबल साधारण १२० बाय ९० सेंमी. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली जमीन, उत्तरेला असई गाव, आणि इंग्रजांचा सेनापती वेल्स्ली यानं केळणा ओलांडली ती पिंपळगावाजवळची उथळ जागा एवढं सगळं बसवायचं, तर १ सेंमी = २० मीटर धरा. म्हणजे टेबलावर २४०० बाय १८०० मीटर जमीन आली. आता साडेचारशे-पाचशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी केली, माणशी जेमतेम ५५ सेंमी जागा धरली, तर ती १२० ते १४० मीटर पसरते. टेबलावर ही झाली ६ ते ७ सेंमी. ६ धरा, कारण ६० मिमी रुंदीचे बेस (फिगर ज्यांवर चिकटवतात त्या पाट्या) तयार मिळतात आणि हिशेब सोपा राहतो.

या ६० मिमीवर काय मावतं ते बघा. २८ मिमीच्या फिगरला २० मिमी जागा लागते, म्हणजे पुढच्या रांगेत तीन, दोन्ही मिळून सहा सैनिक. ही पलटण वाटत नाही, नाक्यावरची गस्त वाटते. १५ मिमीत पुढे सहा आणि मागे सहा, बारा झाले, ठीक दिसतं. १० मिमीत दहा-दहाच्या दोन रांगा, वीस सैनिक, आणि इथे पहिल्यांदा ‘रांग’ नावाची गोष्ट डोळ्यांना दिसते. ६ मिमीत पायदळ बहुधा चार-चारच्या पट्ट्यांत ओतलेलं येतं. दोन रांगांत सहा पट्ट्या लावल्या की चोवीस.

वेल्स्लीकडे दोन स्कॉटिश आणि पाच मद्रासी पलटणी होत्या. शिंद्यांच्या बाजूला त्यांचा जर्मन सेनापती पोहलमन याच्या हाताखाली तीन कंपू (कवायती पलटणींचे गट): त्याचा स्वतःचा, बेगम समरूचा आणि दुपाँचा. कवायती पायदळ एकूण सुमारे १०,८००, म्हणजे सोळा-सतरा पलटणी. सतरा गुणिले ६ सेंमी, १०२ सेंमी. केळणेच्या काठानं तोंड दक्षिणेला करून ही ओळ तुमच्या १२० सेंमीच्या टेबलावर बरोब्बर बसते. वेल्स्ली डाव्या बगलेवर येतोय म्हटल्यावर पोहलमननं ती सगळी ओळ पूर्वेकडे वळवली, आणि खेळाची खरी मजा त्या वळण्यातच आहे. २८ मिमीत दोन रांगांच्या बेसची खोली ४ सेंमी होते, म्हणजे ८० मीटर. दोन नद्यांच्या बेचक्यात ते धूड वळवायला जागाच राहत नाही, आणि खेळाडू नियमांना दोष देत बसतात.

तोफांचं त्याहून वाईट. मराठ्यांकडे शंभरावर तोफा होत्या. लढाईनंतर ९८ इंग्रजांच्या हाती लागल्या. एक मॉडेल म्हणजे आठ तोफा असं धरलं तरी तेरा मॉडेल लागतात. २८ मिमीची तोफ गोलंदाजांसकट ६ सेंमी रुंद, म्हणजे तेरा तोफांची ओळ ७८ सेंमी. पायदळ कुठे ठेवणार? १० मिमीत एका तोफेचा बेस ३ सेंमी, सगळ्या मिळून ३९. असई ही तोफांची लढाई आहे, त्यामुळे माझ्या मते निवडीचा निकाल इथेच लागतो.

घोडदळाची मात्र काळजी करू नका. मराठ्यांचं घोडदळ संख्येनं प्रचंड असलं तरी ते भोकरदनच्या बाजूला पसरलेलं होतं आणि मुख्य झुंजीत त्याचा भाग फार थोडा. सहा-आठ बेस पुरतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूला १९वी लाइट ड्रॅगून्स ही गोऱ्या घोडेस्वारांची रेजिमेंट आणि मद्रासी घोडदळाच्या तीन रेजिमेंटी, असे चार बेस. नवीन माणूस इथे उगाच पैसे घालवतो, कारण घोडेस्वार रंगवायला सगळ्यांनाच आवडतात.

रंगकामाचा हिशेब. पायदळाचे चोवीस बेस धरले तर १५ मिमीत २८८ फिगर, दर फिगरला पंधरा मिनिटं, एकूण सुमारे ७२ तास. १० मिमीत ४८० फिगर, पण दर फिगरला सहा मिनिटं, ४८ तास. ६ मिमीत ५७६, दोन-अडीच मिनिटांच्या हिशेबानं २० ते २४ तास. २८ मिमीत पलटण पलटणीसारखी दिसायला चोवीस फिगर हव्यात, म्हणजे पुन्हा ५७६, आणि पाऊण तासाला एक म्हटलं तरी ४३२ तास. नोकरी सांभाळून रोज एक तास दिला तर चौदा महिन्यांच्या आत पहिला डाव होणार नाही.

मग ६ का नको? नको असं नाही, मोठ्या लढाईला तेच सगळ्यांत खरं दिसतं. पण ६ मिमीत पागोटं आणि टोपी यांतला फरक हातभर अंतरावरूनच कळतो. १० मिमीत समोर बसलेल्याला कोणती पलटण कोणाची ते बेसवरची चिठ्ठी न वाचता ओळखता येतं. माझा कल तिकडे आहे तो एवढ्यासाठीच.

आता आकड्यांमधला घोळ. ‘मिमी’ हे काही प्रमाणित माप नाही. बहुतेक उत्पादक तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्यापर्यंत. त्यामुळे एकाची २८ दुसऱ्याच्या ३०-३२ एवढी भरते, आणि १५ म्हणून विकलेली फिगर बऱ्याचदा १८ निघते. १७० सेंमीचा माणूस १/५६ ला ३० मिमी, १/७२ ला साडेतेवीस, १/१०० ला १७ आणि १/३०० ला साडेपाचच्या थोडा वर येतो. दोन कंपन्यांचा माल मिसळायचा असेल तर दोघांचं एकेक पाकीट मागवून पट्टीशेजारी उभं करा. उंचीतला एक मिलीमीटर खपून जातो. डोक्याचा आणि बंदुकीच्या जाडीचा फरक खपत नाही. एका बेसवर एकाच कंपनीचे सैनिक ठेवले तर बराचसा घोळ झाकला जातो.

धातूच्या फिगरची उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं. परदेशातून मागवताना टपालखर्च वजनावर, वर सीमाशुल्क. छोट्या स्केलचा फायदा इथे थेट खिशाला जाणवतो. १/७२ चे मऊ प्लॅस्टिकचे डबे स्वस्त पडतात, पण त्यातल्या बंदुका वाकतात आणि वाकल्या की रंगाचे पापुद्रे सुटतात. घ्यायचेच असतील तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, आणि रंगापूर्वी लवचीक राहणारा ॲक्रिलिक प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावा.

थ्रीडी प्रिंटचा मोह होईल, कारण मराठी सैन्याच्या तयार धातूच्या फिगर सहज सापडत नाहीत. २८ मिमीसाठी बनवलेली फाइल १० ला आणायची म्हणजे ३६ टक्के करायची. एक मिमी जाडीचा भाला मग ०.३६ मिमी होतो आणि प्रिंटला दिलेले तात्पुरते आधार तोडतानाच मोडतो. १० मिमीसाठीच मुद्दाम जाड केलेली फाइल शोधा, किंवा भाले-बंदुका तेवढ्या वेगळ्या जाड करून घ्या.

१० मिमी रंगवताना आइसक्रीमच्या काडीवर फेविकॉलच्या थेंबांनी पाच-पाच सैनिक चिकटवा, मध्ये ब्रश जाईल एवढी फट सोडा. काळा किंवा गडद तपकिरी प्रायमर, त्यावर कोट, मग पागोटं, विजार, पांढरे छातीपट्टे, चेहरा-हात, शेवटी बंदूक. दोन रंगांच्या मध्ये प्रायमरची केसाएवढी रेघ तशीच राहू द्या. लांबून तीच सावलीचं काम करते. रंग खऱ्यापेक्षा एक छटा उजळ घ्या, कारण वस्तू लहान असली की गडद दिसते. डोळे काढायच्या भानगडीत पडू नका. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात स्प्रे वापरू नका: दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढरट धुकं धरतं आणि महिन्याचं काम वाया जातं. ब्रशनं लावायचं व्हार्निश घ्या. एमडीएफचे २ मिमीचे बेस पाणी घातलेल्या फेविकॉलनं वाकतात. ३ मिमीचे घ्या, खालच्या बाजूलाही एक हात रंग द्या. शिसं असलेल्या फिगर बंद लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. खाली चुंबकी शीट लावून पत्र्याच्या डब्यात ठेवणं सगळ्यांत बरं.

घरं आणि गाव. आपल्या हिशेबात १० मिमीचा सैनिकसुद्धा जमिनीच्या मापानं २० मीटर उंच ठरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असतो आणि कुणालाही खटकत नाही, तसंच हे. घराचं तसं चालत नाही, कारण घर जागा खातं. १० मिमीच्या सैनिकांशेजारी ६ मिमीची घरं ठेवा, आणि असई गाव तीन-चार मातीच्या घरांचं व भोवतीच्या कुसाचं करा. उंचीतला फरक दिसत नाही, जमीन वाचते.

नियमांबाबत. ‘ब्लॅक पावडर’ या वॉरगेमसारखे तयार नियम इंचांत आहेत आणि मोठ्या टेबलांसाठी लिहिलेले आहेत. सरळ इंचाऐवजी सेंटिमीटर मोजा: तुमचं टेबल १० बाय साडेसात फुटांचं झालं. एक दुरुस्ती मात्र करा. त्यात बंदुकीचा पल्ला १८ इंच आहे, तो १८ सेंमी केला तरी आपल्या हिशेबात ३६० मीटर होतो. त्या काळच्या बंदुकीचा परिणामकारक मारा १०० मीटरच्या आसपास, म्हणजे ५ सेंमी. पल्ला निदान निम्मा करून ९ सेंमीवर आणा. नाहीतर पायदळ लांबूनच एकमेकांना संपवेल आणि तोफांवर चालून जाण्यातली जोखीम उरणार नाही.

२८ मिमीची हौस असेलच तर तिच्यासाठी वेगळा प्रसंग घ्या. सिंहगड, १६७०: प्रत्येक बाजूला तीस-चाळीस फिगर, एक फिगर म्हणजे एकच माणूस. १/५६ नं ९० सेंमी म्हणजे ५० मीटर, त्यात तटाचा एक तुकडा आणि एक दरवाजा मावतो. तिथे चेहरे, ढाली, पागोटी रंगवण्यात घातलेला वेळ सार्थकी लागतो.

तुमच्या गावात आधीच कोणी खेळणारे असतील तर ते जे स्केल वापरतात त्याला माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा जास्त वजन द्या. कोणी नसेल तर दोन्ही सैन्यं स्वतःच बनवा, म्हणजे जुळवणीचा प्रश्न येत नाही. सगळं एकदम मात्र मागवू नका. आधी मद्रासी शिपायांची एक पलटण, कंपूची एक आणि एक तोफ. एवढं रंगवून, बेसवर लावून, कागदाचे ६० बाय ३० मिमीचे बाकीचे तुकडे कापून टेबलावर मांडा आणि अख्खा डाव खेळून बघा. कागदांचा रंगही फिगरच्या कोटाचाच ठेवा.